लोफ्युरोमिस फ्लॅवोपंक्टॅटसचं वर्गीकरण: काय पक्कं झालंय आणि काय अजून हलतंय

प्रश्न प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थिनीचा आहे. सेमिनारसाठी त्यांना आफ्रिकेतला लोफ्युरोमिस फ्लॅवोपंक्टॅटस हा उंदीर मिळालाय. ब्रशसारख्या राठ केसांचा, अंगावर पिवळसर ठिपके असलेला. जुन्या पाठ्यपुस्तकात त्याचं उपकुल म्युरिनी दिलंय, एका शोधनिबंधात ॲकोमायनी, आणि अलीकडच्या यादीत डिओमायनी. एका ठिकाणी तो एथिओपियापासून झांबियापर्यंत आढळतो असं लिहिलंय, दुसरीकडे फक्त एथिओपियात. यातलं कोणतं बरोबर, आणि दख्खनचा आपला काटेरी उंदीर त्याचा नातलग लागतो का, असं त्यांनी विचारलंय.

आधी उत्तर देतो, मग कारणं. आज मी हे वर्गीकरण असं लिहीन: संघ कॉर्डेटा, वर्ग ममेलिया, गण रोडेन्शिया, अधिकुल म्युरॉइडिया, कुल म्युरिडी, उपकुल डिओमायनी, प्रजाती लोफ्युरोमिस, जाती लोफ्युरोमिस फ्लॅवोपंक्टॅटस थॉमस, १८८८ (शेवटी पहिलं वर्णन करणाऱ्याचं नाव आणि वर्ष). आढळ: एथिओपियाचा मध्य डोंगराळ प्रदेश. दख्खनचा काटेरी उंदीर याचा जवळचा नातलग नाही. (मी प्रजाती हा शब्द जीनससाठी आणि जाती हा शब्द स्पीशीजसाठी वापरतोय, विद्यापीठाच्या पुस्तकांत असतो तसा. वर्तमानपत्रं सगळ्यालाच प्रजाती म्हणतात, त्यात गल्लत करू नका.)

तुम्हाला मिळालेले तिन्ही स्रोत आपापल्या काळात बरोबरच होते. वर्गीकरणाची प्रत्येक पायरी वेगळ्या पुराव्यावर उभी असते आणि प्रत्येक पायरीचा भक्कमपणा वेगळा असतो. या उंदराच्या बाबतीत उपकुल आता पक्कं आहे, प्रजातीबद्दल फारसा वाद नव्हताच, आणि जातीच्या पातळीवर अजून काम चालू आहे. सेमिनारमध्ये एवढं नीट मांडलंत तरी परीक्षकांच्या बहुतेक प्रश्नांना उत्तर मिळून जाईल. वरच्या पायऱ्यांवर वेळ घालवू नका. उपगणाचं नाव विचारलं तर मायोमॉर्फा हे जुनं नाव पुरेसं आहे. २०१९ मध्ये सुप्रामायोमॉर्फा असा मोठा उपगण सुचवला गेला आणि त्यात या गटाला खालच्या पायरीवर बसवलं गेलं, एवढं सांगा आणि पुढे जा.

आता प्राणी. संग्रहालयातल्या खणातून लोफ्युरोमिसचं कातडं हातात घेतलं की बोटांनाच तो ओळखू येतो. घरातल्या उंदरासारखे मऊ केस नसतात आणि साळिंदरासारखे काटेही नसतात. केस ताठ, थोडे चपटे, एकाच दिशेला बसलेले. उलट्या दिशेने बोट फिरवलं तर नव्या ब्रशसारखे टोचतात. पाठ गडद तपकिरी, पोटाकडे तांबूस किंवा नारिंगी झाक. ज्याला आपण ठिपके म्हणतो ते कातडीवरचे डाग नसतात. काही केसांवर टोकाजवळ फिकट पिवळी छटा असते आणि असे केस गडद केसांत मिसळले की पाठ ठिपकेदार दिसते. आणखी एक गोष्ट पटकन लक्षात येते: खणात ओळीने ठेवलेल्या नमुन्यांपैकी बऱ्याच जणांना शेपूट नसते किंवा अर्धीच असते. या गटाची कातडी फार नाजूक असते. पकडताना शेपूट तुटते, सोलताना कातडी फाटते. या दोन्ही गोष्टी, केस आणि शेपूट, पुढे कामाला येणार आहेत.

म्युरिनी उपकुलात हा प्राणी गेला तो दातांमुळे. उंदरांच्या वर्गीकरणात दाढेचा शब्द शेवटचा मानायची जुनी रीत आहे, आणि ती उगाच पडलेली नाही. हॅमस्टरच्या घराण्यातल्या प्राण्यांच्या वरच्या दाढेवर उंचवट्यांच्या दोन उभ्या ओळी असतात. घुशी, घरातले उंदीर अशा खऱ्या म्युरिनींच्या दाढेवर आतल्या, म्हणजे जिभेच्या बाजूला तिसरी ओळ असते. ही तिसरी ओळ कशी आली याचा मागही दगडात मिळतो. पाकिस्तानातल्या शिवालिक थरांत सापडलेल्या सुमारे १.४ कोटी वर्षांपूर्वीच्या अँटेमस या लुप्त उंदराच्या दाढेवर ती नुकती दिसू लागलेली असते, आणि नंतरच्या प्रोगोनोमिसमध्ये ती नीट जुळून आलेली असते. इतका स्वच्छ पुरावा असताना ज्याच्या दाढेवर तीन ओळी तो म्युरिनी, असं मानणं अगदी रास्त होतं. लोफ्युरोमिसची पहिली वरची दाढ भिंगाखाली ठेवली की तीन ओळी दिसतात. काटेरी केसांच्या ॲकोमिसच्या दाढेवरही दिसतात आणि युरॅनोमिसच्याही. म्हणून तिघांनाही म्युरिनीत टाकलं गेलं आणि शंभरएक वर्षं तिथेच ठेवलं गेलं. काँगोच्या जंगलातला लांब पायांचा डिओमिस मात्र त्याच्या विचित्र दातांमुळे डेंड्रोम्युरिनी या दुसऱ्याच उपकुलात होता. या चौघांना एकत्र ठेवावं असं केवळ दात पाहून कोणाच्या मनात येण्याचं कारण नव्हतं.

पहिला धक्का दाढेनेच दिला, फक्त पहिल्या दाढेने नाही. १९९२ मध्ये क्रिस्टियान डेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्याने आफ्रिकेतल्या म्युरिडींच्या वरच्या तिसऱ्या दाढेचा अभ्यास छापला आणि ॲकोमिस, युरॅनोमिस, लोफ्युरोमिस या तिघांचा प्रश्न वेगळा काढून मांडला. पुढच्याच वर्षी डीएनए संकरण पद्धतीने, म्हणजे दोन प्राण्यांच्या डीएनएच्या पट्ट्या एकमेकींना किती घट्ट चिकटतात हे मोजून, ॲकोमिस हा खऱ्या उंदरांपेक्षा जर्बिलांना जवळचा आहे असा निष्कर्ष आला. त्या काळात हे पचवणं सोपं नव्हतं. जर्बिल म्हणजे वाळवंटातले, मोठ्या डोळ्यांचे, उड्या मारणारे प्राणी. त्यांच्या दाढा वेगळ्या, शेपूट वेगळी. १९९५ मध्ये डेंड्रोम्युरिनी हा गट एका पूर्वजापासून आलेला नाही असं दाखवणारं काम आलं आणि डिओमिस त्यातून बाहेर पडून या तिघांच्या जवळ आला. चौघांचं घराणं असं जमलं: ॲकोमिस, युरॅनोमिस, लोफ्युरोमिस, डिओमिस.

याचा अर्थ दाढेवरची तिसरी ओळ दोनदा, वेगवेगळ्या वेळी तयार झाली. एकदा म्युरिनींच्या वंशात आणि एकदा या आफ्रिकी वंशात. दातांचा पुरावा चुकीचा ठरला असं म्हणू नका. दाढेचा तपशील खरा होता, त्यावरून काढलेलं नातं चुकलं.

तुमच्या शोधनिबंधात ॲकोमायनी का आहे ते आता कळेल. गट जमला तेव्हा त्याला काय म्हणायचं हे ठरायला थोडा वेळ गेला. ॲकोमिस सगळ्यांत परिचित म्हणून काही जणांनी ॲकोमायनी वापरलं. १९९९ च्या एका जनुकीय अभ्यासाच्या शीर्षकातही ते आहे. पण प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत अग्रक्रमाचा नियम आहे. एकाच गटाला दोन नावं असतील तर आधीचं चालतं. डिओमिसवर बेतलेलं कुलपातळीचं नाव ऑल्डफिल्ड थॉमस यांनी १८८८ मध्येच दिलं होतं. म्हणून डिओमायनी. योगायोग असा, की फ्लॅवोपंक्टॅटसचं पहिलं वर्णन त्याच थॉमस यांनी त्याच वर्षी केलं. दोन्ही प्राण्यांचं नातं मात्र त्यांना दिसलं नव्हतं, आणि त्यांच्याकडच्या साधनांनी ते दिसणंही शक्य नव्हतं.

२००१ आणि २००४ मध्ये केंद्रकातल्या अनेक जनुकांवर आधारलेली वंशवृक्षांची मोठी कामं आली आणि चित्र स्थिर झालं: डिओमायनी हा एकसंध गट आहे आणि त्याची सख्खी शाखा म्हणजे जर्बिल. तेव्हापासून याला गंभीर आव्हान मिळालेलं नाही.

इथे मला जरा थांबायचंय, कारण या गोष्टीचा पुढचा भाग फार सुंदर आहे आणि पाठ्यपुस्तकांत अजून आलेला नाही. कित्येक वर्षं डिओमायनीबद्दल एक तक्रार असायची. डीएनए सांगतो म्हणून मान्य, पण चौघांना बांधणारी, हातात धरून दाखवता येईल अशी शरीराची खूण कोणती? २०२३ मध्ये ती मिळाली, आणि ती मिळाली शेपटीत. अमेरिकेत संग्रहालयांतल्या हजारो नमुन्यांचं सीटी स्कॅनिंग करण्याचा एक मोठा प्रकल्प चालू होता. त्यात ॲकोमिसच्या शेपटीच्या कातडीत हाडांच्या बारीक चकत्या दिसल्या, छपरावरच्या कौलांसारख्या एकीवर एक रचलेल्या. त्यांना ऑस्टिओडर्म म्हणतात. मगरीच्या पाठीवर त्या असतात, सस्तन प्राण्यांत आज जिवंत असलेल्यांपैकी आर्माडिलोत असतात, आणि बाकी कोणात असतील असं कोणाला वाटलं नव्हतं. मग इतर उंदरांचे स्कॅन तपासले गेले. त्या चकत्या ॲकोमिस, डिओमिस, लोफ्युरोमिस आणि युरॅनोमिस या चौघांतच सापडल्या. जनुकांनी तीस वर्षांपूर्वी जो गट आखून दिला होता, नेमका तोच गट हाडांनी पुन्हा आखला. तोही त्याच शेपटीत, जी तुटते म्हणून नमुने गोळा करणारे वैतागायचे.

कातडीचंही तसंच. २०१२ मध्ये केनियातल्या ॲकोमिसवर झालेल्या कामात दिसलं की त्यांची कातडी अगदी थोड्या ताणाने सुटते आणि नंतर केसांच्या मुळांसकट पुन्हा वाढते. सस्तन प्राण्यांत अशी भरपाई दुर्मीळ आहे. लोफ्युरोमिसच्या फाटक्या कातडीकडे त्यानंतर मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. सेमिनारमध्ये एकच चित्र दाखवणार असाल तर शेपटीच्या स्कॅनचं दाखवा.

आता आपल्या काटेरी उंदराचा प्रश्न. म्युस प्लॅटिथ्रिक्सचं वर्णन बेनेट यांनी १८३२ मध्ये केलं, कर्नल साइक्स यांनी दख्खनमधून गोळा केलेल्या नमुन्यांवरून. महाराष्ट्राच्या माळांवर तो राहतो आणि त्याच्या पाठीवरचे केस चपटे, पन्हळीसारखे खोबण असलेले, काटेरी असतात. ॲकोमिस शेजारी ठेवला तर दोघे भाऊ वाटतील. पण प्लॅटिथ्रिक्स हा म्युस प्रजातीतला आहे, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या चिमुकल्या उंदराचा चुलतभाऊ आणि पक्का म्युरिनी. राठ आणि काटेरी केस उंदरांत अनेक वंशांत स्वतंत्रपणे आलेत, त्यामुळे नातं ठरवायला ते जवळजवळ निरुपयोगी आहेत. भारतात डिओमायनीतला एकही प्राणी नैसर्गिकरीत्या राहत नाही. लोफ्युरोमिसच्या त्यातल्या त्यात जवळचा असा आपल्याकडचा प्राणी शोधायचाच तर तो भारतीय जर्बिल, टाटेरा इंडिका. शेताच्या बांधात बिळं करणारा, शेपटीच्या टोकाला काळा झुपका असलेला.

प्रजातीच्या पायरीवर फार काही बोलण्यासारखं नाही, फक्त नावाची कथा माहीत असावी. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, आजच्या घानातून, आलेल्या नमुन्यांवर लायडन संग्रहालयाचे टेमिंक यांनी १८५३ मध्ये म्युस सिकॅपुसाय अशी जाती नोंदवली. बर्लिनच्या पीटर्स यांनी १८६६ मध्ये त्याच प्रकारच्या प्राण्यासाठी लॅसिओमिस अशी नवी प्रजाती केली. पण ते नाव दक्षिण अमेरिकेतल्या एका कृंतकाला, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्याला, आधीच दिलेलं होतं. एकच नाव दोन प्राण्यांना चालत नाही, म्हणून पीटर्स यांनीच १८७४ मध्ये लोफ्युरोमिस हे नाव दिलं. आज या प्रजातीत दोन उपप्रजाती (म्हणजे सबजीनस) धरतात. मध्य आफ्रिकेतल्या लांब शेपटीच्या तीन जातींसाठी डीटरलेन यांनी १९८७ मध्ये किवूमिस ही उपप्रजाती केली. बाकी सगळ्या आखूड शेपटीच्या जाती लोफ्युरोमिस या उपप्रजातीत. तिच्यातही बिनठिपक्यांचे आणि ठिपकेदार असे दोन ढोबळ गट पाडतात. तुमचा प्राणी ठिपकेदार गटाचा, आणि त्या गटाला त्याचंच नाव आहे. गोंधळ इथूनच सुरू होतो.

थॉमस यांच्याकडे १८८८ मध्ये जे नमुने होते ते एथिओपियाच्या शोआ भागातले, अंकोबरचे. त्या गावाशी हे नाव कायमचं बांधलेलं आहे. पुढे कोणी कितीही जाती पाडल्या तरी अंकोबरचे उंदीर ज्या जातीत बसतील तीच फ्लॅवोपंक्टॅटस. त्यानंतर पूर्व आणि मध्य आफ्रिकेच्या डोंगरांतून अशाच दिसणाऱ्या उंदरांचे नमुने येत राहिले आणि नावं पडत गेली. ट्रू यांनी १८९२ मध्ये किलिमांजारोवरून ॲक्विलस केला. थॉमस आणि रॉटन यांनी १९०७ मध्ये लॅटिसेप्स केला. हे रॉटन म्हणजे भारतीय वनसेवेत आयुष्य काढलेले, बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सदस्य रॉबर्ट रॉटन. भारतातल्या सस्तन प्राण्यांचं सोसायटीने जे सर्वेक्षण केलं त्यातल्या नमुन्यांवरही त्यांनी पुढे भरपूर काम केलं. डॉलमन यांनी १९०९ मध्ये केनियातून झेना नोंदवला. शिकागोच्या ऑसगुड यांनी १९३६ मध्ये एथिओपियातून ब्रेव्हिकॉडस, क्रायसोपस आणि सिमेन्सिस दिले.

मग विसाव्या शतकाच्या मध्यात एकत्र करण्याची लाट आली. ही लाट सगळ्याच सस्तन प्राण्यांत होती. रंगातल्या थोड्या फरकावर किती जाती पाडायच्या, असा तो विचार होता आणि त्यात तथ्य होतं. त्यात यातली बहुतेक नावं फ्लॅवोपंक्टॅटसखाली उपजाती म्हणून गेली. अख्ख्या लोफ्युरोमिसमध्ये मोजक्याच जाती उरल्या आणि फ्लॅवोपंक्टॅटस हा एथिओपियापासून झांबिया, मलावी, मोझांबिकपर्यंत पसरलेला एक अफाट प्राणी झाला. तुमच्या एका पुस्तकात जो पट्टा आहे तो या काळातला.

हे टिकणार नाही याची चिन्हं एथिओपियातल्या बाले पर्वतावर दिसत होती. बालेचा दक्षिण उतार डोळ्यांसमोर आणा. खाली हरेन्नाचं दाट, दमट जंगल. तिथे क्रायसोपस. वर चढत गेलं की जंगल विरळ होतं, झाडासारखी वाढलेली एरिका लागते. तिथे ब्रेव्हिकॉडस. त्याच्याही वर, चार हजार मीटरच्या आसपास, सानेट्टीचं उघडं, थंड पठार. तिथे काळ्या नखांचा मेलॅनॉनिक्स, जो १९७२ मध्ये फ्रान्सिस पेटर यांनी नोंदवला. हा दिवसा हिंडतो, आणि एथिओपियन लांडग्याच्या नेहमीच्या भक्ष्यांपैकी तो एक आहे. एकाच डोंगरावर तीन पट्टे आणि तीन ठिपकेदार उंदीर. एकच जाती असती तर जिथे पट्टे भेटतात तिथे ते एकमेकांत विरघळून गेले असते.

गुणसूत्रांनी संशय पक्का केला. क्रायसोपसची गुणसूत्रं ५४, मेलॅनॉनिक्सची ६०, ब्रेव्हिकॉडसची ६८. लिओनिद लाव्रेंचेन्को आणि त्यांच्या गटाने एथिओपियात दीर्घकाळ नमुने गोळा केले. १९९८ मध्ये त्यांनी या संकुलाची, म्हणजे फ्लॅवोपंक्टॅटसच्या नावाखाली एकत्र केलेल्या सारख्या दिसणाऱ्या जातींच्या गटाची, नवी मांडणी केली आणि २००७ मध्ये आणखी तीन जाती नोंदवल्या: चेरचेरेन्सिस, मेनागेशी आणि स्यूडोसिकॅपुसाय. शेवटची मला फार महत्त्वाची वाटते. नैऋत्य एथिओपियातल्या जंगलातला हा उंदीर बिनठिपक्यांचा आहे. नुसता पाहिला तर पश्चिम आफ्रिकेतल्या सिकॅपुसायच्या गटात टाकाल. जनुकं मात्र त्याला ठिपकेदारांच्या वंशात ठेवतात. ज्या ठिपक्यांवरून गट पाडला तेच एका शाखेत नाहीसे झालेत. म्हणून या प्रजातीत रंगावरून केलेल्या ओळखीवर मी कधीही भिस्त ठेवत नाही.

एथिओपियाबाहेर हेच काम अँटवर्पच्या वॉल्टर फेरहायेन यांनी कवट्या मोजून केलं. संग्रहालयांतल्या मोठ्या संख्येने कवट्या घेऊन, लांबी, रुंदी, दाढांच्या रांगेचं माप अशी प्रत्येक कवटीची अनेक मापं नोंदवून त्यांच्यावर सांख्यिकी विश्लेषण. २००२ च्या कामात त्यांनी संकुलाची फेरमांडणी करून डुडुई आणि व्हेरहॅगेनाय या दोन नव्या जाती दिल्या. २००७ मध्ये आणखी पाच आल्या: किलोन्झोई, माचांगुई, माकुंडी, साबुनी आणि स्टॅन्लेयी. यातल्या पहिल्या चार टांझानियातल्या वेगवेगळ्या डोंगरांवरच्या, आणि त्यांची नावं मोरोगोरोच्या सोकोईने कृषी विद्यापीठातल्या कृंतकतज्ज्ञांच्या सन्मानार्थ ठेवलेली. ज्या माणसांनी त्या डोंगरांवर सापळे लावले त्यांची नावं प्राण्यांना लागली याचं मला मनापासून समाधान वाटतं.

तरीही स्पष्ट सांगतो: टांझानियातल्या या सगळ्या जाती टिकतील असं मला वाटत नाही. त्यांच्यातलं जनुकीय अंतर फार कमी आहे. पूर्व आफ्रिकेतले हे डोंगर कोरड्या मैदानांनी वेगळे झालेले आहेत, पण हिमयुगांच्या काळात हवामान बदललं तेव्हा डोंगरी जंगलं खाली उतरली आणि मधूनमधून जोडली गेली. अशा ठिकाणी प्रत्येक डोंगरावरच्या कवट्या थोड्या वेगळ्या निघणं अपेक्षितच आहे. त्या वेगळेपणाला जातीचा दर्जा द्यायचा का, हा वेगळा प्रश्न. काही तज्ज्ञ यातली बरीच नावं ॲक्विलसखाली घेतात, काही स्वतंत्र ठेवतात. कोणत्या यादीत किती जाती आहेत याचे आकडे जुळत नाहीत ते त्यामुळे. माझं मत विचाराल तर एथिओपियातल्या जातींचा पाया टांझानियातल्या जातींपेक्षा बराच भक्कम आहे, कारण तिथे गुणसूत्रं, कवटी, अधिवास आणि केंद्रकातला डीएनए हे चारही पुरावे हातात हात घालून येतात.

पाचवा पुरावा मात्र येत नाही, आणि तुमच्यासारख्या नव्या अभ्यासकांनी सावध राहायची जागा तीच आहे. आजकाल जाती ओळखायची सोपी वाट म्हणजे मायटोकाँड्रियातल्या, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या घटकांतल्या, एखाद्या जनुकाचा क्रम काढायचा, बहुधा सायटोक्रोम बी, आणि तो माहितीसाठ्याशी जुळवायचा. लोफ्युरोमिसमध्ये ही वाट एथिओपियातच घात करते. २०२१ मध्ये व्हॅलेरिया कोमारोवा, लाव्रेंचेन्को आणि चेक सहकाऱ्यांनी ३१५ नमुन्यांचा अभ्यास छापला. त्यात एथिओपियातल्या नऊच्या नऊ ज्ञात प्रकारांचे नमुने होते. मायटोकाँड्रियाचं एक जनुक, केंद्रकातली चार, आणि शिवाय जनुकसंचात विखुरलेली हजारो फरकस्थळं. केंद्रकातल्या माहितीने काढलेला वंशवृक्ष आणि मायटोकाँड्रियाने काढलेला वंशवृक्ष जुळले नाहीत. सर्वांत संभाव्य कारण असं की जाती वेगळ्या झाल्यानंतरही जिथे त्यांच्या सीमा पुन्हा भेटल्या तिथे अधूनमधून संकर झाला. मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतात, त्यामुळे एका जातीच्या मायटोकाँड्रिया दुसरीत शिरून कायम राहू शकतात, बाकी सगळं शरीर आणि जनुकसंच आपल्याच जातीचा असला तरी. अशा उंदराचं फक्त सायटोक्रोम बी पाहिलं तर तुम्ही त्याला शेजारच्या जातीचं नाव द्याल.

याचा व्यवहारात काय फरक पडतो? एक उदाहरण पुरे. टांझानियातल्या उसांबारा डोंगरांत, लुशोटो भागात, १९८० पासून पुढे बरीच वर्षं प्लेगच्या साथी येत राहिल्या आणि तिथल्या उंदरांवर भरपूर काम झालं. त्या काळातल्या लेखांत तिथल्या ठिपकेदार लोफ्युरोमिसला फ्लॅवोपंक्टॅटस म्हटलेलं आढळेल. आजच्या मांडणीत तो फ्लॅवोपंक्टॅटस नाहीच. तुम्ही कोणाची यादी मानता त्यानुसार किलोन्झोई किंवा ॲक्विलस. त्या लेखातली पिसवांची माहिती उचलून एथिओपियाच्या अंकोबरच्या उंदराला चिकटवली तर चूक होईल, आणि ती चूक पुढचे लोक उद्धृत करत राहतील. जेनबँक या डीएनए-क्रमांच्या सार्वजनिक साठ्यातल्या जुन्या नोंदींचंही तसंच आहे: क्रम खरा असतो, वरची पाटी जुनी असते.

म्हणून जुना लेख वाचताना तीन गोष्टी शोधा. लेखाचं वर्ष, नमुना पकडला ती जागा, आणि नमुना कोणत्या संग्रहालयात कोणत्या क्रमांकाने ठेवलाय. २००२ च्या आधीचा लेख असेल आणि जागा एथिओपियाबाहेरची असेल तर तिथला फ्लॅवोपंक्टॅटस म्हणजे आजची दुसरी कोणती तरी जाती, असं धरून चाला. जागा एथिओपियातली असेल तर कोणता डोंगर आणि किती उंची हे पाहा; नुसतं एथिओपिया पुरत नाही. नमुना क्रमांकासकट जपलेला असेल तर कोणीही परत जाऊन दाढ, कवटी, डीएनए तपासू शकतो. क्रमांक नसेल तर त्या नोंदीचा वर्गीकरणाला उपयोग नाही, मग लेख कितीही चांगला असो.

सेमिनारच्या पहिल्या पानावर नाव असं लिहा: लोफ्युरोमिस फ्लॅवोपंक्टॅटस थॉमस, १८८८. प्रजाती आणि जाती तिरप्या अक्षरांत, कर्त्याचं नाव सरळ, आणि कर्त्याभोवती कंस नाही, कारण थॉमस यांनी पहिल्यापासूनच त्याला लोफ्युरोमिसमध्ये ठेवलं होतं. तुलनेसाठी सिकॅपुसाय किंवा ॲक्विलस घेतलेत तर तिथे टेमिंक, १८५३ आणि ट्रू, १८९२ कंसात यायला हवेत, कारण त्या दोघांनी आपापल्या प्राण्याला म्युस म्हटलं होतं. संकुलाबद्दल बोलत असाल तेव्हा फ्लॅवोपंक्टॅटस संकुल असं पूर्ण लिहा, आणि फक्त अंकोबरच्या जातीबद्दल बोलत असाल तेव्हाच नुसतं नाव वापरा. नकाशाच्या खाली कोणाची यादी धरली आहे तिचं नाव आणि वर्ष द्या.